बाबांच्या चेतकचे ड्रम ब्रेक घरीच केले: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, रामायण नंतर. मागचा ब्रेक झकास, पुढचा कामचलाऊ, खर्च हजाराच्या आत. वेळ दोन रविवार धरला होता, लागले पाच.

गाडी म्हणजे बजाजची चेतक स्कूटर, १९८६ची. नंबरप्लेटवर एमएच नाही, कारण ते १९८९पासून आलं. बुकिंग करून नंबर लागायची वाट बघत बसायचं, त्या जमान्यातली ही गाडी. सिग्नलला कुणीतरी ‘विंटेज का?’ म्हणून हमखास विचारतं. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी ५० वर्षं भरावी लागतात. चेतक बाजारात आली १९७२ साली, म्हणजे अगदी पहिल्यावहिल्या गाड्याच आत्ता कुठे त्या रांगेत पोचल्यात. आमची अजून नुसतीच म्हातारी.

दुखणं मागच्या ब्रेकचं. पेडल बुडापर्यंत जायचं आणि गाडी विचार करत करत थांबायची. गॅरेजमध्ये वर्षभरात दोनदा शू बदलून झाले (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या दोन कमानी, त्या शू). दोन्ही वेळा पंधरा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला काढलेले शू मी मागून घरी आणले. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, अर्धासुद्धा झिजला नव्हता, पण काळाकुट्ट, चकचकीत, आणि बोट लावलं की तेलकट. तिथे डोक्यात प्रकाश पडला. चेतकला चेन नाही. मागच्या चाकाचा ॲक्सल थेट गिअरबॉक्समधून बाहेर येतो, आणि आतलं गिअर ऑइल नि ड्रम यांच्यामध्ये उभं असतं ते एक रबरी ऑइल सील. ते कडक झालं की तेल थेंबाथेंबाने ड्रममध्ये उतरतं. छत गळतंय आणि आम्ही गादी बदलत होतो!

तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, वर जाळ दाखवून पुन्हा वापरणारे लोक आहेत. मीही एका जुन्या जोडीवर करून पाहिलं. वरून ठणठणीत कोरडा दिसतो, पण ब्रेक तापला की आत मुरलेलं तेल परत वर येतं. नादी लागू नका.

खोलायला बसलो तेव्हा पहिलीच गंमत झाली. ड्रम ॲक्सलवर मोठ्या कॅसल नटने (वर खाचा असलेल्या नटने) धरलेला असतो आणि तो नट घट्ट म्हणजे घट्टच. ‘अगं, ब्रेक दाबून धरतो मी, म्हणजे चाक फिरणार नाही,’ बाबा म्हणाले. जो ब्रेक धरत नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच्याच भरवशावर नट सोडवायचा! शेवटी चाक काढलं, ड्रमच्या स्टडवर चाकाचे नट परत चढवले (नाहीतर आटे जातात), दोन स्टडच्या मध्ये पहार अडकवून तिचं टोक जमिनीला टेकवलं, बॉक्स पान्याला पाइप लावला आणि मी त्यावर अक्षरशः उभी राहिले. ‘कट्ट’ असा आवाज आला तेव्हा नट सुटला की पाना तुटला, हे दोन सेकंद कुणालाच कळलं नाही.

ड्रमच्या आत काळी भुकटी असते. ती फुंकर मारून उडवायची सवय सगळ्यांनाच आहे, गॅरेजमध्ये तर हवेचा पाइपच मारतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथेच राहतं. मी पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसलं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून दिलं.

सील, शू आणि केबल पुण्यातल्या नाना पेठेतून आणलं. सील बसवताना दोनच गोष्टी सांभाळायच्या. जुनं उचकटताना त्याच्या घराला ओरखडा पडता कामा नये, आणि नव्याचा ओठ (आतली मऊ कड) तेलाच्या बाजूला हवा. ओठाला ग्रीसचं बोट फिरवलं, त्याच मापाचा जुना सॉकेट वर ठेवून हलके ठोके दिले आणि सील सरळ आत गेलं. गिअर ऑइल लेव्हलपर्यंतच भरायचं. ‘थोडं जास्त असू दे’ केलं की ते आपली वाट शोधतं.

खरी मेहनत शू बसवण्यात गेली. नवा शू नव्या गोलाईचा, आमचा ड्रम चाळीस वर्षं झिजलेला, मग पहिल्या दिवसापासून दोघांचं जमणार कसं? लायनरवर शाळेच्या खडूचे पट्टे ओढले, ड्रम चढवला, ब्रेक किंचित लावून हाताने थोडा फिरवला, काढला. खडू पुसला गेला होता जेमतेम दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत! म्हणजे सगळा ब्रेक त्या ठिपक्यावर. तेवढाच उंचवटा पॉलिश पेपरने घासला, पुन्हा खडू, पुन्हा ड्रम. तोंडाला मास्क. सातव्या खेपेला खडू बऱ्यापैकी सगळीकडून पुसला गेला. लायनरच्या कडाही जरा तिरक्या घासल्या, नाहीतर शू ड्रमला कचकन चावतो. दोन शूंपैकी एकाला फिरता ड्रम स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे तो जास्त झिजतो. दोन्ही सारखे झिजले नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

इथे माझी चूक कबूल करते. शूना फाकवणाऱ्या कॅमला ग्रीस लागतं ते मटाराएवढं, मी लावलं लिंबाएवढं. पहिल्याच मोठ्या फेरीत ते वितळून लायनरवर गेलं आणि नवी जोडी वाया. पाचातला एक रविवार त्यात गेला.

परत जोडताना कॅसल नट जीव लावून आवळा आणि नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेत असते ती स्प्लिट पिन नवीच घाला. नट ढिला राहिला तर ड्रमच्या आतले दाते खाऊन टाकतो, मग ड्रमच बदलावा लागतो. पन्नासेक किलोमीटरनंतर मी पिन काढून पुन्हा पाना लावला, तर पाव आटा फिरला.

हे सगळं संपलं फेब्रुवारीत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक बरा होता, पण जीव नव्हता. मग लायनर नीट बसला आणि पेडल वरच्या वर लागायला लागलं. महिन्यातून एकदा केबलचा ॲडजस्टर आवळते: चाक घासेपर्यंत आत, मग मोकळं फिरेपर्यंत मागे. पाच मिनिटांचं काम.

सासवडला मावशी असते, म्हणून दिवे घाट ठरलेला. येताना उतार. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक नावापुरता, सगळा भार शूवर. पूर्वी अर्ध्या घाटात पेडल मऊ पडायचं. आता सेकंड गिअर, दाबून-सोडून ब्रेक, आणि हडपसरपर्यंत पेडल तिथल्या तिथे. मध्ये मध्ये ॲक्सिलरेटरला हलकी पीळ देते, कारण या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं आणि पूर्ण बंद ठेवून लांब उतरलं तर ते कोरडं पडतं. हे बाबांनी शिकवलेलं.

पावसाळ्यात ड्रमचं खरं रूप दिसतं. साचलेल्या पाण्यातून गेलं की पुढचे एक-दोन ब्रेक गेलेच समजा. पाण्यातून बाहेर आल्यावर पेडल हलकं दाबून थोडं चालवलं की शू वाळतात. रात्रभर भिजत उभी राहिली तर सकाळचा पहिला ब्रेक उलट जोरात पकडतो, कारण ड्रमवर गंजाचा पातळ थर बसलेला असतो. गेटपाशीच एकदा दाबून घ्यायचा.

ऑक्टोबरमध्ये मुद्दाम उघडून बघितलं. आत कोरडी भुकटी, तेलाचा थेंब नाही. बाबांनी वाकून बोट फिरवलं, माझ्यासमोर धरलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेले.

पुढच्या ब्रेकचं मात्र तितकं जमलं नाही. ब्रेक लावला की लिव्हर बोटांखाली धकधक करायची. ड्रम गोल राहिला नव्हता, ते काम घरचं नाही. लेथवाल्याकडून कातून घेतल्यावर धकधक गेली, पण जोर अजून यथातथाच आणि दाबला की गाडीचं नाक खाली जातं. डिस्क ब्रेकवाल्याच्या मागे चिकटून चालवायची हिंमत मी करत नाही. त्या शूंना खडू लावायचा मी तेव्हा आळस केला होता. खडूचा डबा अजून टूलकिटमध्ये आहे, डिसेंबरात उघडते.