टू-के म्हणून विकलेला मॉनिटर : माझी फसवणूक कशी झाली

मी पुण्यात घरून डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम करते. वर्षभर पुस्तकं आणि शाळा-कॉलेजांची वार्षिकं असतात, श्रावण लागला की दिवाळी अंकांची पानं यायला लागतात. इतकी वर्षं सगळं पंधरा इंची लॅपटॉपवर केलं. पान सारखं वर-खाली सरकवून मान आखडायला लागली, तेव्हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, टेबलावर ठेवायला मोठा मॉनिटर घ्यायचं ठरवलं. ए-फोरची दोन पानं शेजारी शेजारी ठेवली तर ४२ सेंमी रुंदी आणि २९.७ सेंमी उंची लागते. २७ इंची मॉनिटरचा पडदा साधारण ६० बाय ३३.६ सेंमी भरतो. म्हणजे दोन्ही पानं खऱ्या मापात मावतात आणि बाजूला टूलबारला जागा उरते. हा हिशोब मी स्वतः टेप लावून केला होता आणि तो बरोबर होता.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, २७ इंच घेणार असशील तर २५६० बाय १४४० चाच घे, म्हणजे पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके. त्याच मापाचा १९२० बाय १०८० चा घेतलास तर अक्षरं भरड दिसतील, तुझ्या कामाचा नाही तो." हेही बरोबर होतं. चुकलं ते यापुढे.

दोन-तीन ठिकाणी चौकशी केली तर नावाजलेल्या कंपन्यांचे असे मॉनिटर मला १८ ते २२ हजार सांगितले. मग ओळखीतून एका दुकानदाराचा नंबर मिळाला. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, खाली मजकूर : '२७ इंच, टू-के, आयपीएस, नवीन सीलबंद, १ वर्ष वॉरंटी, १३,५००.' आयपीएस म्हणजे कोनातून पाहिलं तरी रंग बदलत नाहीत असा पडदा. मी 'टू-के' वाचलं आणि मनात २५६० बाय १४४० धरलं. बाजारात सगळे तसंच म्हणतात, त्यामुळे विचारायचं सुचलंच नाही.

दुकानात तसाच एक मॉनिटर भिंतीला लावलेला होता. त्यावर धबधब्याचा आणि मोराचा व्हिडिओ चालू होता, रंग अगदी झगझगीत. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. रंग कुठूनही बदलत नव्हते, म्हणजे आयपीएस असल्याची खात्री झाली. पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता, त्यात दिवाळी अंकाचं एक पान मुद्दाम घेऊन गेले होते. म्हटलं, "दादा, एवढं पान उघडून दाखवता का?"

"ताई, आज गर्दी बघताय ना. घरी नेऊन निवांत लावा. सात दिवसांत कधीही आणा, बदलून देतो."

मी पेन ड्राइव्ह परत पर्समध्ये ठेवला. त्याची हळहळ अजून जात नाही. हलत्या चित्रात डोळा रेषांच्या कडा शोधत बसत नाही, त्यामुळे व्हिडिओवर कुठलाही मॉनिटर देखणा दिसतो. बारीक मजकूर उघडला असता तर दोन मिनिटांत शंका आली असती.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं हवं असेल तर १८ टक्के वर लागतील, जवळजवळ अडीच हजार. कशाला उगाच?" तेवढे पैसे वाचवण्यासाठी मी गप्प बसले. हातात आलं ते कच्चं बिल. वर 'एस्टिमेट' असं छापलेलं, खाली पेनाने '२७ एलईडी, १ नग, १३,५००'. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, रिझोल्यूशन म्हणजे ठिपक्यांचे ते दोन आकडे नाहीत, 'नवीन' हा शब्दही नाही. यूपीआयचा क्यूआर कोड दुकानाच्या नावाचा नव्हता, कुणा एका माणसाच्या नावाचा होता. पैसे पाठवताना ते नाव पडद्यावर दिसलं, तरी मी पिन टाकला.

घरी जोडल्यावर पहिल्यांदा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं. तिथे २५६० बाय १४४०, पुढे 'रेकमेंडेड'. मी निर्धास्त झाले. पण काम सुरू केलं आणि काहीतरी खुपायला लागलं. बारा पॉइंटच्या मजकुरात 'द्ध', 'ष्ट', 'ह्य' अशी जोडाक्षरं आतून बुजल्यासारखी दिसायची. अनुस्वार ठसठशीत टिंब न दिसता करडा डाग दिसायचा. विंडोजची अक्षरं स्पष्ट करणारी क्लिअरटाइप ही सोय पुन्हा लावून पाहिली, ब्राइटनेस कमी-जास्त केला, केबल बदलली. शेवटी वाटलं, डोळेच गेले. डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तपासून सांगितलं, "नंबर होता तोच आहे." तरी मी कॉम्प्युटरसाठी म्हणून वेगळा चष्मा करून घेतला. या सगळ्यात वीस-बावीस दिवस गेले, आणि बदलून द्यायचे सात दिवस तर कधीच उलटले होते. पडदा खोटा असू शकतो हे मनातच आलं नाही, कारण सेटिंगमध्ये आकडा बरोबर दिसत होता.

पुढे जे झालं ते पैशांपेक्षा जास्त लागलं. एका अंकात गावाकडच्या एका दिवंगत शिक्षकांवर आठवणींचा लेख होता. मूळ टाइप केलेल्या मजकुरात काही अनुस्वार सुटले होते, आणि ते पकडणं माझं काम. पण सगळ्याच अक्षरांच्या डोक्यावर तोच करडा धूसरपणा असल्यामुळे कुठे टिंब आहे आणि कुठे नाही हे मला कळलं नाही. तीन ठिकाणी 'त्यांचा' ऐवजी 'त्याचा' छापलं गेलं. अंक बाहेर आल्यावर सरांच्या मुलीने संपादकांकडून माझा नंबर घेऊन फोन केला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबांना गावात कुणी एकेरी बोलत नसे हो." मी माफी मागितली, पण छापलेला कागद परत कसा घेणार?

त्या रात्री मी छापखान्यातलं जुनं भिंग काढलं. जाळीचे ठिपके मोजायला वापरतात ते, खाली एक सेंटिमीटरची चौकट असते. पांढरं पान उघडून ते पडद्याला टेकवलं. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या मिळून एक ठिपका होतो. चौकटीत आडव्या ओळीत ठिपके मोजले : ३२. चार वेगवेगळ्या जागी मोजले, चारही वेळा ३२. पडद्याची रुंदी टेपने मोजली, जवळजवळ ६० सेंमी. ३२ गुणिले ६० म्हणजे १९२०. पडदा २५६० चा असता तर एका सेंटिमीटरमध्ये ४३ च्या आसपास ठिपके भरले पाहिजे होते.

खात्रीसाठी आणखी एक केलं. २५६० बाय १४४० मापाचं चित्र तयार केलं, त्यात एक काळी उभी रेघ, एक पांढरी, पुन्हा काळी, पुन्हा पांढरी, प्रत्येक रेघ एकाच पिक्सेलची, म्हणजे एकाच ठिपक्याची. ते शंभर टक्के झूमवर पूर्ण पडदाभर उघडलं. खऱ्या पडद्यावर भिंगातून शुद्ध काळं-पांढरं दिसायला हवं. माझ्या पडद्यावर दिसलं ते असं : पांढरट, करडं, काळपट, पुन्हा पांढरट, करडं, काळपट. चार रेघा तीन ठिपक्यांत कोंबल्या होत्या. माझे अनुस्वार तिथेच विरघळत होते.

मग सेटिंगमध्ये २५६० कसं दिसत होतं? भाच्याने समजावलं. मॉनिटरच्या आतल्या सर्किट बोर्डवर एक छोटी चिप असते, तिच्यात ईडीआयडी नावाची अगदी थोडीशी माहिती असते : कंपनीचा कोड, मॉडेल, तयार झाल्याचं साल, पडद्याचं मूळ रिझोल्यूशन. केबल जोडली की कॉम्प्युटर ती वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. ती माहिती लिहिणाऱ्याने खोटा आकडा लिहिला तर कॉम्प्युटरही खोटाच आकडा दाखवतो. बोर्ड २५६० चं चित्र घेतो, आतल्या आत आकसून १९२० वर उतरवतो. विक्रेत्यांच्या भाषेत याला 'टू-के सपोर्टेड' म्हणतात. 'फोर-के सपोर्टेड' हा शब्दही असाच वापरतात. चित्र स्वीकारता येणं वेगळं आणि तेवढे ठिपके पडद्यावर असणं वेगळं.

ओळखीच्या रिपेअरिंगवाल्या काकांकडे मॉनिटर नेला. त्यांनी मागचं कव्हर उघडलं आणि लगेच म्हणाले, "हा बोर्ड कंपनीचा नाही, कुठल्याही पडद्याला चालणारा युनिव्हर्सल बोर्ड आहे. पॅनेल, म्हणजे मूळ पडदा, जुनं, कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारातलं असणार. बॉडी तेवढी नवी." पॅनेलच्या मागे स्टिकर होता, त्यावर साल २०१३. नंबराची सुरुवात 'एलएम२७०डब्ल्यूएफ' अशी. काकांनी सांगितलं, त्यातला २७० म्हणजे २७.० इंच, डब्ल्यूएफ म्हणजे १९२० बाय १०८०, १४४० वाल्यावर डब्ल्यूक्यू असतं. पॅनेल खरोखरच आयपीएस होतं. म्हणूनच दुकानात कोनातून पाहताना मला संशय आला नाही.

मग मी बाकीच्या गोष्टी पाहिल्या, ज्या दुकानातच पाहता आल्या असत्या. खोक्यावर एमआरपी नव्हती, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, महिना-साल नव्हतं, तक्रारीचा नंबर नव्हता. वेष्टनातल्या वस्तूंवर ही माहिती छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. मॉनिटरच्या पाठीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा आठ आकडी नंबर होता. बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप मोबाइलवर घेतलं आणि नंबर टाकला. तो नंबर दुसऱ्याच कंपनीच्या दुसऱ्याच वस्तूचा निघाला. यासाठी मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खरेदीच्या दिवशी काउंटरवर उभं राहून हेच करता आलं असतं.

दुकानदाराला फोन केला. आवाज एकदम बदललेला. "मॅडम, आम्ही टू-के सपोर्टेड म्हटलं होतं. आणि तुमच्या एस्टिमेटवर टू-के कुठे लिहिलंय?" सिनेमाच्या धंद्यात टू-के म्हणजे २०४८ बाय १०८०, हेही त्यानेच मला ऐकवलं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. टू-के या शब्दाला पक्कं माप नाही, आणि त्या फटीतूनच हा माल विकला जातो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : 'टू-के', 'फोर-के', 'एचडी' असले शब्द ऐकून पैसे देऊ नका. मूळ रिझोल्यूशनचे दोन आकडे, मॉडेल, सिरीयल नंबर आणि 'नवीन' हा शब्द पक्क्या बिलावर लिहून घ्या, आणि जो लिहून देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता तपासता येतो. नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि तो चालू आहे की रद्द झालाय तेही तिथे दिसतं.

माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या : व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मजकूर, ज्यात 'नवीन सीलबंद' असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि यूपीआयची नोंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. दुकानदाराने तिला दाद दिली नाही. मग मी स्वतः मराठीत नोटीस लिहिली आणि स्पीड पोस्टने पाठवली. त्यात पॅनेलच्या स्टिकरचा फोटो, बीआयएस अ‍ॅपचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जोडला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. परतीची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. मी तिथे उशीर केला होता, पण जुना माल नवीन म्हणून विकणं हा मुद्दा उरलाच होता, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे सगळं नोटिशीत लिहिलं.

पंधरा दिवसांनी फोन आला, "ताई, कशाला वाढवता. घेऊन या मॉनिटर." १३,५०० रुपये दोन हप्त्यांत मिळाले. चष्म्याचे गेले, आणि सरांच्या लेखाचं शुद्धिपत्र मी माझ्या खर्चाने छापून दिलं. आता १९ हजारांचा मॉनिटर आहे, पक्क्या बिलाचा. घेताना दुकानात पेन ड्राइव्हमधलं तेच पान उघडायला लावलं आणि भिंग लावून मोजलं : ४३.

जुना मॉनिटर परत देण्याच्या आदल्या दिवशी मी तो पुन्हा काकांकडे नेला. परत गेलेला माल हे लोक फेकत नाहीत, तो पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर जाणार. काकांनी कव्हर उघडून दिलं. आतल्या पत्र्यावर, पुसलं जाणार नाही अशा मार्करने, मी ठळक अक्षरांत लिहिलं : '१९२० × १०८०. पॅनेल २०१३ चं. नवीन म्हणून विकलं गेलं, ऑगस्ट २०२५.' मग काकांनी चारही स्क्रू परत बसवले.