एक्सएमची गाडी की सिरियसची? अमेरिकेत जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत 2004 ते 2012 च्या दरम्यानची गाडी बघायला गेलात, तर डॅशबोर्डवर ‘सॅट’ किंवा ‘एक्सएम’ लिहिलेलं बटण बऱ्याचदा दिसेल. ते उपग्रह रेडिओचं, म्हणजे वर्गणी भरून उपग्रहावरून ऐकायच्या चॅनेलांचं. ही सेवा एक्सएम आणि सिरियस या दोन कंपन्या देत. बटणामागे त्यांतलं कोणाचं यंत्र आहे हे विक्रेत्याला सहसा माहीत नसतं. ते ठरलं गाडीच्या कंपनीने कोणाशी करार केला होता त्यावरून. एक्सएमच्या यंत्राला सिरियसचा सिग्नल कळत नाही आणि सिरियसच्या यंत्राला एक्सएमचा. 2008 च्या जुलैत दोन्ही कंपन्या एक होऊन सिरियसएक्सएम झाली, पण रस्त्यावरच्या गाड्यांतली यंत्रं होती तशीच राहिली.

करारांनी काय वाटून घेतलं

1997 मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (रेडिओ लहरींचे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) लिलावात दोघांनाच परवाने दिले. एक्सएमने सुमारे 9 कोटी डॉलर मोजले, सिरियसने 8 कोटी 33 लाख, आणि प्रत्येकाला रेडिओ लहरींचा 12.5 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. दोन्ही सेवा पकडू शकेल असा एकच रिसीव्हर तयार करावा, अशी परवान्याची अट होती. 2000 साली दोघांनी तसं ठरवलंही, पण विलीनीकरणापूर्वी असा रेडिओ काही गाड्यांत आला नाही. कारण पैशाचं आहे. रिसीव्हरच्या किमतीचा मोठा वाटा रेडिओ कंपनीच उचलत होती, आणि आपल्या पैशाने बसवलेल्या यंत्रावर गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याची वर्गणी भरणार असेल तर ते कोण बसवेल?

खरी चुरस कारखान्यांच्या दारात झाली. नव्या गाडीचा डॅशबोर्ड, वायरिंग आणि छतावरची अँटेना ही गाडी बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी पक्की होते. तेव्हा ज्याचा करार नसेल तो त्या मॉडेलमधून बाहेर. म्हणून दोघांनीही एकही उपग्रह चालू नसतानाच गाड्यांच्या कंपन्यांना करारांनी बांधून घेतलं. जनरल मोटर्सने 1999 मध्ये एक्सएमशी 12 वर्षांचा करार केला आणि त्यात स्वतःचे पैसेही घातले. पाठोपाठ होंडाही गुंतवणूकदार म्हणून आली. सिरियसने फोर्ड, डेमलर-क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यू मिळवल्या. गाडीच्या कंपनीला यंत्र बसवण्यासाठी अनुदान मिळे, शिवाय ग्राहक दरमहा पैसे भरत राहिला तर त्यातला हिस्साही. महागड्या मॉडेलपुरता सुरू झालेला हा रेडिओ साध्या गाड्यांपर्यंत उतरला तो या हिश्श्यामुळे.

तेव्हा बोनेटवरचा बिल्ला बघून अंदाज असा बांधता येतो: शेवरले, कॅडिलॅक, ब्युइक, होंडा, अ‍ॅक्युरा, ह्युंदाई म्हणजे एक्सएम. फोर्ड, लिंकन, क्रायस्लर, डॉज, जीप, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, किया म्हणजे सिरियस. टोयोटा, निसान, सुबारू, फोक्सवॅगन यांनी निदान काही वर्षं दोघांनाही दार उघडं ठेवलं होतं, म्हणून तिथे अंदाजावर जाऊ नका. आपल्याकडून गेलेली बरीच कुटुंबं पहिली गाडी म्हणून जुनी होंडा अकॉर्ड किंवा टोयोटा कॅमरी घेतात. अकॉर्डमध्ये असेल तर एक्सएमच, पण महागड्या ईएक्स-एल प्रकारात असतो, स्वस्तातल्या एलएक्समध्ये नाही. कॅमरीत मात्र तपासावंच लागेल.

सिग्नल: जुना फरक आणि आजचा

एक्सएमने 2001 मध्ये ‘रॉक’ आणि ‘रोल’ हे दोन भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणारे) उपग्रह सोडले, 85 आणि 115 अंश पश्चिम रेखांशावर. न्यूयॉर्क-न्यू जर्सीतून पाहिलं तर यातला जवळचा उपग्रह दक्षिण आकाशात क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर दिसतो. उंच इमारती आड येतात, म्हणून एक्सएमला शहरांमध्ये शेकडो जमिनीवरचे रिपीटर (सिग्नल पुन्हा पाठवणारी केंद्रं) उभारावे लागले. सिरियसने 2000 मध्ये तीन उपग्रह लंबवर्तुळाकार, कललेल्या कक्षेत सोडले. ते आळीपाळीने अमेरिकेच्या जवळजवळ डोक्यावर येत, त्यामुळे उत्तरेकडच्या राज्यांत आणि झाडीच्या रस्त्यांवर सिरियस सरस होता आणि त्याचं भागलंही थोड्या रिपीटरवर.

जुन्या लेखांत हा मुद्दा अजून आढळतो. त्यावर विसंबून गाडी निवडू नका. सिरियसचे ते तिन्ही उपग्रह 2016 पर्यंत निवृत्त झाले, आणि 2009 व 2013 मध्ये सोडलेले त्यांचे वारस भूस्थिरच आहेत. आता दोन्हींचा सिग्नल दक्षिणेकडूनच येतो. दोन्ही पद्धतींत तोच आवाज सुमारे चार सेकंदांच्या अंतराने दोनदा येतो, म्हणून पुलाखालून जाताना गाणं तुटत नाही. लांब बोगद्यात किंवा बहुमजली पार्किंगमध्ये तुटणारच.

घेण्यापूर्वी पाच मिनिटांची तपासणी

गाडी उघड्यावर आणा, शेडखाली नको. रेडिओ चालू करून सॅट निवडा आणि चॅनेल 0 वर जा. रेडिओचा आयडी दिसेल, काही गाड्यांत तो मेनूत शोधावा लागतो. आठ अक्षर-अंकांचा असेल तर एक्सएम, बारा अंकी असेल तर सिरियस. आयडीत इंग्रजी आय, ओ, एस, एफ ही अक्षरं कधीच नसतात, म्हणून गोल दिसलं तर ते शून्यच लिहून घ्या. फोनवर वर्गणी सुरू करताना सर्वात जास्त घोळ इथेच होतो.

मग चॅनेल 1 लावा. एक्सएमच्या गाडीत वर्गणी नसतानाही त्यावर नमुन्याचा कार्यक्रम वाजतो. तो स्वच्छ वाजला तर ट्यूनर (सिग्नल उलगडणारं यंत्र) आणि अँटेना दोन्ही ठीक आहेत.

बटण आहे, पण आयडी येत नाही? मग हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला मुख्य रेडिओ, फक्त ‘सॅटेलाइट रेडी’ असेल आणि ट्यूनरची डबी कधी बसवलेलीच नसेल. जनरल मोटर्सच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीत पर्यायांच्या कोडचं स्टिकर असतं. त्यावर ‘यू2के’ असेल तर एक्सएम कारखान्यातूनच आलेला आहे.

अँटेना तपासण्याचा संदेश येत राहिला तर दोष बहुधा छतावर आहे. शार्कच्या पंखासारख्या (शार्क-फिन) अँटेनाच्या बुडाचं रबर कडक होतं, पाणी झिरपतं आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर किंवा कनेक्टर गंजतो. त्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज त्याच कोअ‍ॅक्सिअल केबलमधून मिळते, त्यामुळे केबल कुठे शॉर्ट झाली तरी हाच संदेश. मागच्या खांबाजवळचं छताचं अस्तर ओलसर लागतंय का, हे हाताने चाचपून बघा. छतावर सामानाची पेटी बसवून अँटेना झाकली गेली असेल, तर गाडी ठीक असूनही सिग्नल येणार नाही.

पैसे

सुरुवातीला एक्सएम महिना 9.99 डॉलर आणि सिरियस 12.95 असा फरक होता. एप्रिल 2005 मध्ये एक्सएमही 12.95 वर गेला, आणि आता कंपनीच एक आहे. जाहिरातीतल्या दरावर संगीताच्या रॉयल्टीचं शुल्क वेगळं लागतं, एकूण आकडा विचारूनच हो म्हणा. जुनी गाडी सहभागी डीलरकडून घेतली तर तीन महिन्यांची ट्रायल मिळू शकते, मात्र ती मागून घ्यावी लागते. ती संपायच्या आठवडाभर आधीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. वर्गणी बंद करायला लागणाऱ्या त्रासावरूनच न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी डिसेंबर 2023 मध्ये सिरियसएक्सएमवर दावा लावला होता.

मग कोणती?

दोन सारख्या गाड्या समोर असतील, तर आमचा कल एक्सएमकडे आहे. विलीनीकरणानंतर नव्या गाड्या हळूहळू त्याच पद्धतीवर गेल्या आणि बाहेरून बसवायचा एसएक्सव्ही300 ट्यूनरही त्यावरच चालतो, म्हणजे कंपनीची पुढची गुंतवणूक तिकडे आहे. पण फोर्ड किंवा जीप बाकी सगळ्या बाबतीत चांगली असेल, तर सिरियसपायी ती सोडू नका. संगीताचे आणि बातम्यांचे मुख्य चॅनेल दोन्हीकडे मिळतात, आणि 2011 पासून त्यांचे क्रमांकही सारखे केले गेले.

बिघडलेला कारखान्याचा ट्यूनर दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. एसएक्सव्ही300 जोडता येईल असा स्टिरिओ घ्या आणि चुंबकी अँटेना छताच्या धातूवर ठेवा, भोवती फूटभर पत्रा मोकळा राहील अशी, काचेवर नाही. मग गाडी मोकळ्या आकाशाखाली चालू ठेवून चॅनेल 1 लावा, वर्गणी चालू करणारा सिग्नल कंपनीकडून मागवा आणि सगळे चॅनेल उघडेपर्यंत पंधरा मिनिटं तरी रेडिओ बंद करू नका.