माटिल्डे की एम्मा?

मामेबहीण म्युनिकला असते, नवरा तिकडचाच, मुलीचं नाव माटिल्डे ठेवू की एम्मा यावर दोघं अडलेत. दोन्ही नावं मुळातली जर्मानिकच.

अर्थ बघायचा तर माटिल्डे म्हणजे ताकद आणि लढाई, दोन शब्द जोडून झालेलं. एम्मा हे एर्मेनगार्डसारख्या लांब नावांचं छोटं रूप, अर्थ 'संपूर्ण, सगळं'. मला पहिला अर्थ जास्त आवडतो.

इतिहासात तर माटिल्डेचं पारडं जडच आहे. १०७७ साली जर्मन राजा हेन्री चौथा पोपची माफी मागायला इटलीतल्या कानोसा किल्ल्यापाशी बर्फात तीन दिवस उभा राहिला ना, तो किल्ला टस्कनीच्या माटिल्डेचा होता, आणि पुढच्या शतकात दुसरी एक माटिल्डा इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफनशी वर्षानुवर्षं लढली. इंग्लंडात ह्याच नावाचं बोलीत मॉड झालं, हे मला फार गोड वाटतं. एम्माकडेही नॉर्मंडीची एम्मा आहे, एथेलरेड आणि क्नूट अशा इंग्लंडच्या दोन राजांची राणी.

उच्चाराला एम्मा सोपं, आजीआजोबांनाही लगेच जमेल. माटिल्डे जरा अडखळवतं, पण घरी टिल्डा म्हणता येतं.

वर्गात मात्र एम्मा बऱ्याच निघतील, जर्मनीत गेली कित्येक वर्षं ते नाव यादीत अगदी वर आहे.

दोन्ही घरांना पहिल्या दिवसापासून सहज हाक मारता यायला हवी असेल तर एम्मा. मुलीला सांगण्यासारखी मोठी गोष्ट हवी आणि थोडं अडखळणं चालत असेल तर माटिल्डे.