मुंबई विमानतळाचं सीनरी पॅक: देखणं, पण जड

एक्स-प्लेन या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी मुंबई विमानतळाचं एक विकतचं सीनरी पॅक (तिथला परिसर स्क्रीनवर उभा करणारी जोडणी) घेतलं. एकमेकींना छेदणाऱ्या ०९/२७ आणि १४/३२ क्रमांकाच्या धावपट्ट्या, कुंपणाला खेटलेल्या झोपड्यांवरची निळी ताडपत्री... बघत राहावं असं काम. पण लोड व्हायला? चहा टाकला, गाळला, प्यायलो, तरी लोडिंगची पट्टी अर्ध्यावरच. माझं मशीन १६ जीबी रॅमचं, थोडा दोष त्याचाही. खरी गोम जमिनीच्या फोटोंत: झूम लेव्हल (फोटो किती बारकाईचे, तो आकडा) एकने वाढली की चित्रं चौपट. पॅकवाल्यांनी लेव्हल १८ थेट कल्याणपर्यंत ओढलीय. तीन हजार फुटांवरून तिथली छपरं कोण मोजतंय? मी विमानतळाभोवती १८ ठेवून बाहेर १६ केली. आता चहा उकळायच्या आत धावपट्टीवर असतो. टर्मिनलमधल्या खुर्च्या मात्र काढता आल्या नाहीत. कॉकपिटमधून त्या दिसतसुद्धा नाहीत हो!