लगेच आत शिरावं की बाहेर थांबावं?

बंदराच्या तोंडाशी लाटा फुटताहेत आणि लहान होडी बाहेर आहे. अशा वेळी दोनच मार्ग उरतात.

लगेच शिरायचं, तर लाटा मागून येतात. खरा धोका तिथेच. लाटेच्या उतारावरून होडी सुसाट निघाली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात घुसते, सुकाणू ऐकत नाही, होडी आडवी होते आणि पुढची लाट तिला उलटवते. म्हणून आधी बाहेरूनच लाटा नीट बघाव्यात. मोठ्या लाटा सहसा घोळक्याने येतात, मग जरा उसंत मिळते. त्या उसंतीत एका लाटेच्या पाठीवर राहून, तिचा माथा न ओलांडता, तिच्याच वेगाने आत यायचं. जाळी घट्ट बांधलेली, मासळी तळाशी आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवंच. अर्ध्या वाटेत मन बदलून होडी वळवणं सर्वांत वाईट.

थांबायचं, तर खोल पाण्यात, नाळ लाटांकडे ठेवून, इंजिन मंद चालवत. ओहोटीचं बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या लाटांना भिडलं की त्या उभ्या आणि तोकड्या होतात; भरती लागली की तेच तोंड बरंच निवळतं. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटी साधारण 6 तास चालते. अंगावर येतात ते कंटाळा आणि थंडी.

डिझेल पुरेसं असेल आणि वारा वाढत नसेल, तर मी थांबायलाच सांगेन. होडीत पाणी भरत असेल तर मात्र रेडिओच्या 16 नंबर चॅनेलवर आधी मदत मागा.