बसमधले दोन इन्व्हर्टर: बॅटरी सामाईक की वेगळी?

जुन्या बसचं फिरतं घर करताना एसीला एक आणि फ्रिज-दिव्यांना एक असे दोन इन्व्हर्टर घेतले, की प्रश्न उरतो बॅटऱ्यांचा.

वेगवेगळ्या ठेवल्या तर एसीने रात्रीत आपली बॅटरी संपवली तरी फ्रिज चालू राहतो. पण एकीकडे चार्ज पडून आणि दुसरीकडे खडखडाट, असंही होतं. शिवाय चार्जिंगची सोय दोनदा करावी लागते.

सामाईक बँकेत, म्हणजे सगळ्या बॅटऱ्या एकत्र जोडल्या तर, सगळा साठा दोघांच्या हाताशी असतो, सोलरही एकाच जागी. माझं मत इकडेच; फक्त वायरिंगला आळस नको. चार बॅटऱ्या पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून प्लस-मायनस दोन्ही पहिलीवरूनच काढले, तर तीच जास्त राबते आणि आधी जाते. प्लस पहिलीवरून, मायनस शेवटचीवरून घ्या. जुनी-नवी एकत्र करू नका. प्रत्येक इन्व्हर्टरला वेगळा फ्यूज, तोही बॅटरीलगत. 2000 वॉटला 12 व्होल्टवर 165 अँपिअरच्या वर करंट जातो, 24 वर त्याच्या निम्मा. कमी करंटला बारीक केबल पुरते, खर्च तिथेच वाचतो.

काहीही निवडा, साध्या इन्व्हर्टरांचे 230 व्होल्टचे आउटपुट एकमेकांना जोडू नका. दोन्ही जळतील. पॅरललसाठीच बनवलेले मॉडेल असतील तर गोष्ट वेगळी.