भूसुरुंगांचा टोकन संच: नियम चांगले, पण डमी ओळखू येतात

दुसऱ्या महायुद्धाच्या मिनिएचर खेळांसाठी घेतलेला हा ॲक्रिलिकचा संच बरेच महिने टेबलावर आहे. आत काय काय येतं ते खोक्यावर लिहिलंय. माझं भांडण टेबलावर पालथ्या ठेवायच्या टोकनच्या मागच्या बाजूशी आहे. हाताळून हाताळून तिची मॅट झिलई गेली आणि पुढचं कोरीवकाम मागून दिसायला लागलं. डमी (सुरुंग नसलेले, फसवायला ठेवलेले टोकन) कोऱ्या असतात, त्यामुळे समोरचा खेळाडू फासा न टाकताच बिनधास्त त्यांच्यावरून रणगाडे नेतो. मग सुरुंग मांडायचे कशाला? कंपनीला कळवलं, तर ‘नेहमीची झीज’ असं उत्तर आणि खाली नव्या संचाची लिंक! नवा संच घेणार नाही.

शोधण्याचा नियमही आधी डोक्यात जायचा. सॅपरने, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या सैनिकाने, अख्खा टर्न टोकनजवळ थांबायचं, फाशावर 4 किंवा जास्त पडले तर ते उलटायचं, वाट काढायला आणखी दोन टर्न, आणि गोळीबार झाला की काम बंद. इजिप्तमधली अल अलामीनची लढाई टेबलावर मांडल्यावर मत बदललं. 23 ऑक्टोबर 1942 च्या रात्री ब्रिटिश सैन्याच्या पुढ्यात लाखो सुरुंग, रणगाड्यांसाठी 24 फुटी वाटा काढायच्या, त्यांच्या कडेला पांढऱ्या फिती लावायच्या. सुरुंगातला धातू शोधणारे पोलिश डिटेक्टर होते, पण ते घेऊन गोळीबारात उभ्याने चालावं लागे. बरेच सॅपर संगिनीनेच जमीन चाचपत होते. उजाडलं तरी रणगाडे वाटांमध्येच अडकलेले. हे सगळं टेबलावर उतरतं. हल्ला करणारा टर्न मोजायला लागतो, सॅपरसाठी धूर राखून ठेवतो.

दोन नियम मात्र आम्ही बदलले. लाकडी पेटीतल्या सुरुंगात धातू जेमतेम, तरी डिटेक्टरला तिथेही फाशावर +1 मिळतो, तो काढला. बांगलोर टॉर्पेडोने रणगाड्याची वाट उघडते, हे तर काहीच्या काही. 1912 मध्ये निघालेली ही स्फोटकांनी भरलेली लांब नळी तारांची कुंपणं फोडायला होती. सुरुंगांतून तिने माणसापुरती वाट मिळते. साखळ्या आपटून सुरुंग उडवणारा स्कॉर्पियन रणगाडा मात्र झकास जमलाय, त्याच्या धुळीने मागच्यांना काही दिसत नाही, हेसुद्धा नियमात आहे.

आता सुरुंग कागदी नकाशावर गुपचूप नोंदवतो, नकाशा अंपायरकडे. अंपायर नसेल तर घडी घालून खोक्याखाली. टोकन उरले ते फक्त मोकळ्या झालेल्या वाटा दाखवायला. त्याला ते उत्तम आहेत, पण तेवढ्यासाठी पांढरा दोराही चालला असता.